तिसरी ओळ

माणसाला अजून कुऱ्हाड सापडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या आंब्याच्या ढोलीत बोरं साठवायचं काम साठ खारी करत. ठमकाबाई त्यांची मुकादम होती.

एकदा एक खार फांदीवरून पडून लंगडी झाली. "हिला घरबसल्या खायला मिळेल," ठमकाबाईने सांगून टाकलं. पण बाकीच्या खारी म्हणाल्या, "नुसतं तोंडी नको, बाई. खोडावर कोरून घ्या."

सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने मजकूर ऐकवला. "पहिली ओळ, जखमी मजुराला रोज तीन बोरं द्यावीत. दुसरी, ती सगळ्यांच्या साठ्यातून द्यावीत. तिसरी, मुकादमालाही मजूरच धरावं. ओळीमागे शंभर बोरं पडतील."

"शंभर?" ठमकाबाईने कपाळाला हात लावला. "मग तिसरी राहू द्या. मला इथे कोण ओळखत नाही?"

खोडावर दोनच ओळी कोरल्या गेल्या.

तीन हिवाळ्यांनंतर ठमकाबाईचाच पाय मोडला. तिच्या जागी भुरी नावाची खार मुकादम झाली. तिने दोन्ही ओळी दोनदा वाचल्या.

"बाई, वाईट वाटतं हो," भुरी म्हणाली. "पण यात फक्त मजूर लिहिलंय. तुम्हाला दिलं, तर उद्या कोणीही मागायला येईल."

"मग तिसरी ओळ आता तरी कोरून घे," ठमकाबाई कण्हत म्हणाली. "माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

भुरीने सुतारपक्ष्याला भाव विचारला. तो म्हणाला, "आता दीडशे."

"दीडशे?" भुरी हसली. "राहू द्या. मला इथे कोण ओळखत नाही?"