ठकू जीपची थडथड

फार जुनी गोष्ट नाही, पण ठकू जीप फार जुनी. फोर-बाय-फोर! हायवेवर ताशी ऐंशीला पोचली की नुसती थडथडायची. मालकीणबाई म्हणाल्या, "आज ही थडथड नाही थांबली, तर जीप भंगारात!"

"कोण हलतंय रे?" ठकू वैतागली.

"शाफ्ट! चाकं फिरवणारा तो दांडा!" पुढचं चाक ओरडलं. "मी नाही हं! मला दसऱ्याला घासूनपुसून हार घातलाय."

गॅरेजमधल्या रफिक मिस्त्रींनी शाफ्ट बदलला. थडथड तशीच!

"मग स्टिअरिंग असणार," चाक म्हणालं.

ठकूचं डोकंच फिरलं. "गप ए! मिस्त्री, आधी यालाच काढा!"

मिस्त्रींनी चाक काढलं, तर आतल्या बाजूला वाळक्या चिखलाचा हा एवढा गोळा! चाकाचा तोल त्यानेच जात होता; त्यांनी तो खरवडून टाकला.

मग ऐंशीला ठकू अलगद पळाली. चाक हळूच म्हणालं, "पुढच्या दसऱ्याला आतूनही घासा हं!"