प्रश्न क्रमांक अडुसष्टबाबत

विषय : धर्मार्थ प्रश्नपत्रिकेतील प्रश्न क्र. ६८ चे उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ : मठाच्या नेत्रशिबिराकरिता काढलेली वार्षिक प्रश्नपत्रिका, पत्रक क्र. ९.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर प्रश्नाचे उत्तर अधोस्वाक्षरीकारास उद्या सायंकाळपूर्वी विनाविलंब कळविण्यात यावे. यात कसूर होऊ नये.

वि. म. कोष्टी, निवृत्त अव्वल कारकून.

"मग? आलं का उत्तर?" अप्पाजींनी विचारलं.

"नाही," कोष्टी म्हणाले.

"काहीच नाही?"

"एक अंगठा आला. आणि एकाने 'जी' लिहिलं."

मठाच्या ओसरीवर ऊन सरकत होतं. अप्पाजी फाटक्या पुस्तकाची पानं शिवत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर विटका भगवा, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. दरवर्षी शंभर प्रश्नांचं पत्रक तेच काढत, त्यात थोडं शब्दकोडंही असे. पत्रक वीस रुपयांना विकलं जाई, आणि जमेल त्यातून म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू निघत. अडलेल्यांनी एकमेकांना विचारावं म्हणून फोनवर एक ग्रुप होता. दोनशेवर माणसं होती त्यात. त्या दोनशेंनी कोष्टींचं पत्र वाचलं होतं. निळ्या खुणाच तसं सांगत होत्या.

"तेहतीस वर्षं तालुका कचेरीत काढली मी," कोष्टी म्हणाले. "माझ्या पत्राला उत्तर आलं नाही, असं झालं नाही कधी."

"तुमच्याकडे आलेल्या अर्जांना जायचं का उत्तर?"

कोष्टींनी पंच्याने मान पुसली. ऊन फार होतं.

त्यांची निकड खरी होती. अप्पाजींना आता नीट दिसत नव्हतं, पुढल्या वर्षीपासून प्रश्न काढायचं काम कोणीतरी घ्यायला हवं होतं. कोष्टींनी त्यासाठी रीतसर अर्ज केला होता. निवृत्तीला चार वर्षं झाली होती. घरी त्यांना कोणी काही विचारत नसे, भाजी कोणती आणू एवढंसुद्धा नाही. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'पात्रतेचा पुरावा म्हणून यंदाची शंभरपैकी शंभर उत्तरे सादर करीत आहे.' नव्याण्णव झाली होती. मुदत उद्यापर्यंत होती.

"कोष्टीसाहेब," अप्पाजी म्हणाले, "तेवढी सुई ओवून द्या हो. तीनदा करून पाहिलं. धागा ओला केला, कापून पाहिला. नेढं दिसतंय, पण हात तिथं पोचत नाही."

कोष्टींनी सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात ओवली.

"वा," अप्पाजी म्हणाले. "देवासारखे आलात."

कोष्टींना बरं वाटलं. का, ते त्यांनी पाहिलं नाही.

"त्या शमशादला बघा," ते पुन्हा मूळ विषयावर आले. "फॉल-पिकोचं दुकान तिचं. तिने विचारलं की दहा जण धावतात. मी विचारलं की सगळे मौनव्रतात."

"काय विचारलं होतं तिनं? वाचा बघू. मला फोनवरचं दिसत नाही."

कोष्टींनी फोन काढला. टिप्पणी वाचून दाखवावी तशा आवाजात वाचलं.

"'प्रश्न एक्केचाळीस. चार अक्षरी पक्षी. टिटवीला एक अक्षर कमी पडतं, पाणकोंबडीला एक जास्त होतं. शेवटी ज असावा असं वाटतंय, आडव्या शब्दावरून. कालपासून मशीनवर बसून हाच पक्षी डोक्यात उडतोय. पत्रक घेतलंय, क्रमांक एकशे सतरा. उत्तर सांगू नका, नुसतं बोट दाखवा.'"

"मग?"

"नलवडे मास्तरांनी लिहिलं, सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो म्हणतात. दुसऱ्या बाईने लिहिलं, डोळे लाल. त्यावर ही, 'मिळालं. मास्तर, सुरेखाताई, तुमचे उपकार.' एवढं कशाला? मी असतो तर सरळ 'भारद्वाज' लिहून मोकळा झालो असतो."

"झालाच होतात की एकदा. मग तिनं काय लिहिलं?"

"'कोष्टीसाहेब, मजा घालवलीत.'"

अप्पाजींच्या पोटात हसू फुटलं. ते वर येईपर्यंत बराच वेळ गेला.

"मला मागायची सवय नाही, अप्पाजी," कोष्टी म्हणाले. "आजवर लोकांनी माझ्याकडे मागितलंय."

कोष्टींनी ओवलेली सुई अप्पाजींनी डोळ्यांजवळ धरली. बघितली... आणि शिवण पुढे चालू केली.

थोड्या वेळाने कोष्टींनी आवाज खाली आणला.

"तुम्हीच सांगा ना. मी काही कोणाला सांगणार नाही. अडुसष्टचं उत्तर काय धरलंय?"

"मला माहीत नाही."

"प्रश्न तर तुम्ही काढलाय."

"काढलाय. माहीत असतं तर कशाला विचारला असता?"

कोष्टींनी फोन खाली ठेवला.

"म्हणजे... उत्तर नसलेला प्रश्न?"

"उत्तर असणार. माझ्याकडे नाही. दरवर्षी एक घालतो तसा. आपल्याला अडलेलं विचारायला यापेक्षा चांगली जागा कुठली? वर मोतीबिंदूही निघतात."

"सहा वर्षं माझे नव्याण्णव येताहेत," कोष्टी म्हणाले. "सहा वर्षं मी छापखान्याला दोष देतोय."

"छापखानेवाला भला माणूस आहे. काही बोलला नाही."

एक भुंगा खांबात शिरला, बाहेर आला.

"प्रश्न वाचा," अप्पाजी म्हणाले.

कोष्टींना पाठ होता. "'बहात्तरच्या दुष्काळात तिप्पेवाडी फाट्यावरच्या लिंबाखाली पाण्याचा रांजण असे. तो कोण भरत असे?'"

"मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. नुकती दीक्षा घेतलेली. चालत निघालो होतो, फाट्यावर पडलो. कोणीतरी तोंडात पाणी घातलं, तेही कोणी वाटसरूच. पुढं वर्षभर येता-जाता बघितलं. रांजण भरलेला, तोंडावर ओलं फडकं. भरणारा कधी दिसला नाही. आसपास चार मैल पाणी नव्हतं." अप्पाजींनी धागा ओढून घेतला. "तुम्ही कुठं कुठं शोधलं?"

"गॅझेटियर पाहिलं. टंचाईची जुनी दप्तरं पाहिली, ओळखीच्या शिपायाला धरून. तिप्पेवाडीच्या पाटलाच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, आजोबांनीच भरला असेल. दप्तरात आजोबांचा टँकर निघाला. तो दुसरीकडे जात होता."

"एवढं केलंत?"

"पंधरा दिवस."

"पत्रात लिहिलं नाहीत."

"पत्रात कशाला? ते कार्यालयीन काम झालं."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

अप्पाजी गप्प राहिले. कोष्टींना ती शांतता ओळखीची होती. कचेरीत समोरचा माणूस खरं बोलेपर्यंत ते स्वतः अशीच शांतता वापरत.

"मी तिथं पाणी प्यायलोय," शेवटी ते म्हणाले.

अप्पाजींनी सुई पुस्तकात टोचून ठेवली.

"दहा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला होते दुष्काळी कामावर. मी भाकरी घेऊन जायचो. जाताना एक तांब्या, येताना एक. कोण भरतंय, हे कधी डोक्यात आलं नाही. वाटायचं, सरकारी असेल."

"हे लिहिलंत?"

"ते उत्तर नाही, अप्पाजी."

अप्पाजींनी पुस्तक मिटलं आणि कोष्टींचा फोन त्यांच्याच हातात नीट ठेवला, प्रसाद ठेवावा तसा.

कोष्टी बराच वेळ टाइप करत बसले. विषय लिहिला आणि खोडला. संदर्भ लिहिला आणि खोडला. शेवटी जे गेलं, ते असं :

'मंडळी, अडुसष्टव्यावर अडलोय. गॅझेटियर, दप्तरं, पाटलांचं घर, सगळं झालं. पंधरा दिवस झाले. लहानपणी मी त्या रांजणातलं पाणी रोज प्यायलोय, पण कोण भरतं ते विचारलं नाही. आता विचारतोय. कोणाच्या घरात काही ऐकिवात असेल तर सांगा. सकाळचं माझं पत्र विसरा. — विश्वनाथ'

लगेच कोणी काही लिहिलं नाही. मग नलवडे मास्तरांनी लिहिलं, 'मीही प्यायलोय. बैलांनाही पाजलंय, चोरून.'

मग शमशाद मुल्ला. 'माझी सासू सांगायची, त्या तांब्याला साखळी नव्हती. तरी तांब्या कधी गेला नाही.'

मग एक अनोळखी नंबर. 'आमची आत्या त्या लिंबाखाली बाळंत झाली. बाळाला पहिली आंघोळ रांजणातल्याच पाण्याची. ते बाळ सध्या पुण्यात रिक्षा चालवतं. त्याला विचारून सांगतो.'

उन्हं उतरेपर्यंत एक्केचाळीस जणांनी लिहिलं. कोष्टी एकेक वाचून दाखवत होते आणि अप्पाजी ऐकत होते. कोणी तिथं तहानलेलं आलं होतं, कोणाचे आजोबा तिथं रडत बसले होते, कोणाचं लग्न तिथल्या सावलीत ठरलं होतं. पुण्याच्या रिक्षावाल्याला काहीच माहीत नव्हतं, पण त्याने सगळ्यांना नमस्कार सांगितला होता.

रांजण कोण भरत होतं, ते एकालाही माहीत नव्हतं.

"संपलं," कोष्टी म्हणाले. चष्मा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"आता लिहा," अप्पाजी म्हणाले.

"काय?"

"ग्रुपची रीत आहे. मिळालं की 'मिळालं' लिहायचं."

"उत्तर कुठं मिळालंय?"

"लिहा."

कोष्टींनी 'मिळालं' लिहिलं. खाली एक्केचाळीस नावं लिहिली, एकही न गाळता. रिक्षावाल्याचं नाव कळलं नव्हतं, म्हणून शेवटी आणखी एक, 'लिंबाखालचं बाळ' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रक जमा केलं. अडुसष्टच्या पुढची जागा कोरी होती. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढा अपूर्ण कागद पुढे सरकू दिला नव्हता.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. प्रश्न काढण्याच्या कामासाठीचा अर्ज मठात पोचल्याची नोंद आहे. निर्णय झालेला नाही. कोष्टी दर गुरुवारी सुया ओवायला जातात. अर्जाचं विचारत नाहीत.

परवा अप्पाजींनीच विषय काढला.

"तुमचा अर्ज तिघांकडून तीनदा वाचून घेतला, कोष्टीसाहेब. विषय कळला, संदर्भ कळला. पण अर्जामागचा माणूस कोण ते कळत नाही... तुमच्या ओळखीचा असेल तर त्यालाच विचारून बघा."