टेकाडावरचे दगड

फार पूर्वी एका अफाट माळावर गवताशिवाय काहीच नव्हतं. दूरच्या मुलखात दुष्काळ पडला, तेव्हा काही कुटुंबं बैलगाड्या घेऊन तिथे आली. नदीला पाणी होतं, माती काळीभोर होती. त्यांनी तिथेच राहायचं ठरवलं.

पण घरांच्या पायाला दगड मिळेना. दगड होते ते फक्त एका टेकाडावर, रांगेने उभे केलेले. प्रत्येकाखाली कुणीतरी पुरलेलं होतं. कुणाची माणसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावाचा म्होरक्या म्हणाला, "मेलेल्यांना दगड कशाला? आपल्याला घरं बांधायची आहेत."

सुताराच्या बायकोला ते रुचलं नाही. पण थंडी तोंडावर आली होती. तिनेही एक दगड आणून उंबऱ्याला बसवला.

गाव भराभर वाढलं. चक्की सुरू झाली, बाजार भरू लागला, धर्मशाळा उभी राहिली. टेकाड बोडकं झालं.

मग एका संध्याकाळी गवळी गुरं घेऊन परतला आणि स्वतःच्याच दारासमोर थबकला. बायको-मुलांची नावं त्याला आठवत होती, घर मात्र ओळखू येईना. हळूहळू आणखी माणसांचं तसंच झालं. दिवस मावळला की ती गल्लीगल्लीतून फिरत, प्रत्येक दारात डोकावत पुढे जात.

एके दिवशी सुतार आपल्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. बायकोला म्हणाला, "बाई, मला घरी जायचंय. वाट सांगाल का?"

तिने पहार घेतली आणि ती उंबरा उखडायला लागली. म्होरक्याने तिला अडवलं. अशाने सगळं गाव मोडेल, असं त्याचं म्हणणं होतं.

ती म्हणाली, "आपण ज्यांची जागा मोडली, त्यांना आधी घरी पोचवू."

दगड टेकाडावर पुन्हा रोवून ती परतली, तेव्हा सुतार चुलीपाशी बसला होता. "दार उघडं टाकून कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

ते पाहून लोकांनी घरं उतरवली आणि दगड टेकाडावर परत रोवले. धर्मशाळा पाडली, चक्की थांबली. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि माणसं आपापल्या घरी झोपू लागली.

म्होरक्याने मात्र आपल्या दुमजली घराला हात लावू दिला नाही. एका संध्याकाळी त्याने त्याच घराचं दार वाजवलं. त्याच्याच मुलाने दार उघडलं. म्होरक्याने चुकून आल्याबद्दल अदबीने माफी मागितली आणि तो गवतात चालत गेला.

तात्पर्य: दुसऱ्याचा विसावा मोडून बांधलेल्या घरात आपल्यालाही विसावा मिळत नाही.