आठ बुटांचा बास्क

पुस्तकांतले प्राणी पानाबाहेर मान काढून भांडायचे, त्या काळातली गोष्ट. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क देशातल्या एका वाचनालयात मुलांच्या कपाटावर एका मेंढीचं राज्य होतं. तिच्या गोष्टीत डोंगर होता, दगडी घर होतं आणि तिच्या डोक्यावर काळी गोल बास्क टोपी होती.

एकदा तिच्या शेजारी नवं पुस्तक आलं, तेही तिच्यासारखंच बास्क भाषेतलं. त्यात आठ पायांत आठ बूट घातलेला ऑक्टोपस होता.

"डोंगर चढतोस का रे?" मेंढीने दरडावलं.

"घसरतो, मेंढीताई."

"टोपी घालतोस?"

"तीही घसरते."

"मग कसला आलाय तू बास्क! देशाची अब्रू घालवशील."

इतक्यात नहिया आली. एरवी ही मुलगी खेळाच्या मैदानावर बास्क सोडून स्पॅनिशच बोलायची. तिने मेंढीचं पुस्तक काढलं, धुळीने शिंकली आणि ते परत ठेवून ऑक्टोपस उचलला. फतकल मारून ती बास्कमध्ये मोठ्याने वाचू लागली. ऑक्टोपसचा सातवा बूट हरवला तेव्हा ती हसून लोळली, आणि भावाला बोलावून तिने सगळं बास्कमध्येच पुन्हा सांगितलं.

ती गेल्यावर मेंढीने टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "काय रे, तुझ्या पुढच्या गोष्टीत एखादी मेंढी खपेल का? हवं तर बूट घालीन."