पेटी पुढे घ्या

एकदा एका वृद्ध शिक्षिकेचे घर चाकांवर उभे होते, आणि ते हलवायचे की गमवायचे, याचा निर्णय एका सूर्यास्तापूर्वी व्हायचा होता.

लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या, मधोमध एकच आंस व त्याला दोन चाके, आणि पुढे ओढण्यासाठी लांब लोखंडी दांडा, एवढाच त्या घराचा विस्तार होता. वृद्धा त्यातच राहत असे आणि त्यातच प्रौढ स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकवत असे. एका गावातले काम संपले की कोणाचा तरी ट्रॅक्टर जोडून घर पुढच्या गावी जाई. तिला सगळे नुसते 'बाई' म्हणत. घराच्या पुढच्या भागात बसायची बाकडी होती. त्यामुळे दगडी पाट्यांची पेटी, पुस्तकांची पेटी आणि पाण्याचे पिंप, जे काही जड होते ते सारे मागच्या भिंतीला लागून ठेवलेले असे.

तिच्यासोबत तीन वर्षांपासून एक शिष्या होती. शिष्येने विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती, आणि कोणतेही विधान पडताळल्याशिवाय स्वीकारायचे नाही, असा तिचा बाणा होता. बाईंना तिचा हाच गुण आवडे. मात्र पडताळण्याची सवय आणि पाहण्याची सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्या अधूनमधून तिला म्हणत. शिष्येला ते विधान सिद्ध झालेले वाटत नसे.

ते गाव द्राक्षांचे होते. गावात एका शेठचे बेदाण्याचे शेड होते आणि तिथे चाळीस स्त्रिया बेदाणा निवडत. शेडच्या भिंतीवर एक फलक होता: 'कामाची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच'. सरकारी तपासणीसाठी तो लावलेला होता. स्त्रिया सातपर्यंत काम करत, कारण फलक काय म्हणतो हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. बाईंकडे शिकू लागल्याच्या आठव्या महिन्यात त्यांच्यातली एक घरी जाताना थबकली आणि तिने एकेक अक्षर जोडत तो फलक मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी चाळीस जणींनी शेठला एकच प्रश्न विचारला: मग आम्ही सातपर्यंत का?

शेठने वाद घातला नाही. अक्षरे कुठून आली हे त्याला कळले होते. ज्या पडीक जमिनीवर बाईंचे घर उभे होते ती त्याने विकत घेतली आणि पंचांसमोर आठ दिवसांची मुदत दिली. आठव्या दिवशी सूर्यास्ताला जमिनीवर जे उभे असेल ते जमिनीसोबत त्याचे होईल, असे ठरले. त्यानंतर तो स्वतः बाईंकडे आला.

"बाई, मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "माझा मोठा ट्रॅक्टर पाठवतो. घर थेट माझ्या शेडच्या आवारात आणून ठेवतो. शिकवा की तिथं! फक्त फाटक माझं, वेळ माझी, आणि काय वाचायचं ते मी सांगेन. देवाधर्माचं वाचा, चांगलं असतं."

"तुमचा ट्रॅक्टर ताकदवान आहे," बाई म्हणाल्या. "पण तो एकाच दिशेला जातो."

शेठचा सोडून गावात मोठे ट्रॅक्टर बारा होते. बाराही मालकांचा बेदाणा शेठच्याच शेडमध्ये जाई, म्हणून आठ दिवसांत कोणाचा टायर पंक्चर झाला, तर कोणाच्या चालकाची आजी वारली. सातव्या दिवशी शेठने नव्या मालकाच्या हक्काने जमिनीला पाट फोडून पाणी दिले. काळी माती लोण्यासारखी झाली. घरापासून सार्वजनिक गाडीवाट अवघी साठ पावले दूर होती. त्या वाटेवर कोणाचीच मालकी चालत नव्हती, पण साठ पावले आता साठ कोसांसारखी दिसू लागली.

आठव्या दिवशी दुपारी हौसाक्का आली. ती बाईंची विद्यार्थिनी, दोन एकर बागेची मालकीण. द्राक्षांच्या ओळींमधून फवारणीसाठी फिरणारा, माणसाच्या छातीपर्यंतही न पोचणारा छोटा ट्रॅक्टर तिने स्वतः चालवत आणला.

"बाई, ह्यो फवारणीचा हाय. घर वढायला केलेला न्हाई," ती म्हणाली. "पर माझा हाय. कुणाला इचारायला लागत न्हाई."

गाडीवाटेवर गर्दी जमली होती. शेठही आपल्या बांधावर खुर्ची टाकून बसला होता.

"अगं हौसे," कोणीतरी ओरडले, "शेठच्या बंगल्यातलं गवत कापायचं यंत्र बी जुंप की जोडीला!"

"बेडकाला बैलगाडी जुंपलीय, बघा!"

हौसाक्का वळलीसुद्धा नाही. "तुमचा मोठा कुठाय, दादा? आजी वारली न्हवं का त्याची?" ती म्हणाली, आणि हसणारे जरा कमी झाले.

शिष्येने वहीत घराचे वजन, इंजिनाची शक्ती आणि मातीचा विरोध यांचा हिशेब मांडला होता. निष्कर्ष स्पष्ट होता. "शक्ती पुरेशी आहे," ती बाईंना म्हणाली, "पण जेमतेम. थोडं बिघडलं तरी हलणार नाही."

घराचे टेकू काढले तसा पुढचा दांडा आपोआप वर उचलला गेला. तो खाली दाबून ट्रॅक्टरला अडकवायला तिघींना त्याच्यावर लोंबकळावे लागले. हौसाक्काने क्लच सोडला. ट्रॅक्टर गुरगुरला, त्याची मागची चाके गरगर फिरली, मातीचा फवारा उडाला, आणि घर तसूभरही हलले नाही. चाकांखाली द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या घातल्या, तर त्या मागे भिरकावल्या गेल्या. तिसऱ्या प्रयत्नाला चाके वीतभर खाली रुतली. गर्दीतून टाळ्या पडल्या.

"पाच वाजून गेलेत बाई," शेठ खुर्चीतून म्हणाला. "माझा ट्रॅक्टर अजून उभा आहे. अट तीच."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून स्त्रिया येताना दिसल्या, चाळीसच्या चाळीस, हातांना बेदाण्याचा चिकटा तसाच. शेठ उभा राहिला.

"कुणी सोडलं गं तुम्हाला?"

"फलकानं," पुढची म्हणाली आणि बांध उतरून चिखलात शिरली.

शिष्येला आता माणसांचे बळ मिळाले होते. तिने लगेच सूचना दिल्या: घर रिकामे करा, पेट्या बाहेर काढा, पिंप ओतून टाका, वजन निम्मे झाले की हलेल. स्त्रिया दाराशी पोचल्या, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काहीही बाहेर काढायचं नाही. पेटी पुढे घ्या. दोन्ही पेट्या, पिंपही. सगळं जड सामान पुढच्या भिंतीला, दांड्याच्या अगदी वर."

शिष्या पुढे आली. "बाई, दांडा ट्रॅक्टरवर टेकलेला आहे. पुढे ठेवलेलं सगळं त्या लहानग्याच्या पाठीवर येईल!"

"यावं म्हणूनच."

"आधीच त्याला ओढवत नाहीये, आणि तुम्ही आणखी लादताय? हे तर्काला धरून नाही."

"तर्काला धरून आहे की नाही, ते सूर्यास्तानंतर वाद घालून ठरवू. आता पेटी धर."

शिष्येने पेटी धरली, पण तिचा रोष प्रत्येक पावलात दिसत होता. पाट्यांची पेटी पुढे आली, मग पुस्तकांची, मग पिंप. दर वेळी छोट्या ट्रॅक्टरची मागची बाजू किंचित खाली बसली. शेवटी त्याची पुढची चाके हलकी होऊन डुलू लागली. बाईंनी दोन पोत्यांत ओली माती भरायला लावली आणि ती ट्रॅक्टरच्या नाकावर बांधली.

"ती माती माझी आहे!" शेठ ओरडला.

"पलीकडे गेलं की पोती इथंच रिकामी करू," बाई म्हणाल्या. "तुम्ही समोर उभे राहून घ्या ती परत."

रुतलेल्या चाकांपुढची माती फावड्याने उतरती केली. स्त्रिया घराच्या मागे उभ्या राहिल्या. हौसाक्काने पुन्हा क्लच सोडला, या वेळी इतका हळू की इंजिन बंद पडेल असे वाटले. चाके फिरली नाहीत. ती दाबली गेली, मातीत त्यांचे दात उमटले, आणि एक दीर्घ क्षण काहीच घडले नाही. मग घराच्या चाकांनी चिखलातून पाय उपटल्यासारखा आवाज केला. घर हलले.

ते वेगाने गेले नाही. तीन पावलांनी थांबायचे, चाकामागे दगड लावायचा, इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा, आणि पुन्हा तीन पावले. गाडीवाटेच्या चढावर इंजिन दोनदा बंद पडले आणि घर मागे येऊ लागले. तेव्हा त्याला दगडांनी आणि चाळीस खांद्यांनी धरले. गर्दीतले हसणे कधी थांबले हे कोणाच्या लक्षात आले नाही. ज्याने बेडूक म्हटले होते तो दगड लावायला खाली उतरला होता. सूर्य द्राक्षबागेच्या मांडवाला टेकला, तेव्हा दोन्ही चाके गाडीवाटेच्या मुरुमावर होती. बाईंनी पोती सोडून माती बांधाच्या आत, शेठच्या पायांपुढे ओतायला लावली.

शिष्या दांड्यापाशी बसली होती. तिच्या कोपरांपर्यंत चिखल होता.

"आता वाद घालू," ती म्हणाली. "का हललं?"

"इंजिनात शक्ती दुपारपासून होती, हे तुझ्या हिशेबातही होतं," बाई म्हणाल्या. "पण शक्ती मातीपर्यंत पोचत नव्हती. ज्या चाकावर भार नाही ते नुसतं फिरतं, त्याला पकड येत नाही. आपल्या घराचा भार मागे होता. तो आंसाच्या पलीकडून दांडा वर उचलत होता, आणि दांडा त्या ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीपासून उचलत होता. दांडा अडकवायला तिघी लोंबकळल्या, तेव्हाच घर आपल्याला हे सांगत होतं. तू ते पाहिलंस. वाचलं नाहीस."

शिष्येने दांड्याकडे पाहिले. घर्षणावरच्या प्रकरणात तिला पैकीच्या पैकी गुण होते.

शेठ पुढे सरसावला. तो जवळ येऊन सर्व ऐकत होता, आणि हरलेल्या माणसालाही उपयोगी पडेल असे काहीतरी त्याच्या हाती लागले होते. तो स्त्रियांकडे वळला.

"ऐकलंत ना? तुमच्या बाईंच्याच तोंडून ऐकलंत! भार असला की पकड येते. मी दुसरं काय सांगतो? दोन तास जास्त काम केलं की माणूस घट्ट होतो. हलकं ठेवलं की नुसता गरगर फिरतो."

स्त्रियांमध्ये चुळबुळ झाली. वाक्य बाईंचेच होते, आणि तरीही ते आता कोणाच्या तरी मानेवर ठेवले जात होते.

बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण शिष्येने तो तसा यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"शेठ, नीट ऐका. मी या घरात आज एक खडाही वाढवलेला नाही. पाट्या त्याच, पुस्तकं तीच, पाणी तेवढंच. मागे होत्या तेव्हा याच पेट्यांनी त्या लहान यंत्राला हतबल केलं, आणि सगळे त्याला हसले. पुढे आल्या तेव्हा याच पेट्यांनी त्याला पाय दिले. भार वाढल्यानं काही झालं नाही. भाराची जागा बदलली, आणि ती जागा ज्यांना ओढायचं होतं त्यांनी ठरवली. तुमच्या शेडमधले दोन तास या बायकांनी कुठे ठेवायचे, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत?"

"शेड माझं आहे," शेठ म्हणाला.

"शेड तुमचं आहे. ते दोन तास कोणाचे, ते तुमच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे."

शेठ वळला. मग तो आपल्या जमिनीवरून, आपल्याच दिलेल्या पाण्याच्या चिखलातून, खुर्चीकडे परत गेला. त्याच्या पायाला काही पकड मिळत नव्हती, असे हौसाक्का पुढे कित्येक दिवस सांगत असे. पण तिच्या सांगण्यात थोडी भर असणे शक्य आहे.

स्त्रिया पांगू लागल्या. त्यांना उद्या पुन्हा त्याच शेडमध्ये जायचे होते, आणि पाचला काम सोडून उठायचे की नाही हे एकमेकींना विचारत त्या चालल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही बाईंना विचारले नाही, हे शिष्येने पाहिले. या वेळी तिने ते वाचलेही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पेट्या पुढे घेऊनही घर हललं नसतं तर?"

"शक्य होतं. मातीचं काही सांगता येत नाही."

"मग?"

"मग सूर्यास्तापर्यंत ओढत राहिलो असतो, आणि शेठना ते शेवटपर्यंत बघत बसावं लागलं असतं. त्यांच्या ट्रॅक्टरला मात्र दांडा लावला नसता."

शिष्येने मान हलवली. हे विधान तिने पडताळायला मागितले नाही.

कोणी तुम्हाला भार सोसण्याचा महिमा सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. पेटी कुठे ठेवायची हे कोणी ठरवले, एवढेच त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.