सात घरांचा दोर

वाळूच्या मुलखात, फार फार मागे, मुसलमानांची एक छोटी वस्ती होती. सात घरे आणि एक विहीर. विहीर चाळीस पुरुष, म्हणजे चाळीस माणसांच्या उंचीइतकी खोल, आणि घरटी दोर मात्र सहाच पुरुषांचा. सातही घरांचे दोर गाठी मारून जोडले, तरच पोहरा पाण्याला टेके. पाणी भरून झाले की गाठी सोडायच्या आणि ज्याने त्याने आपला दोर घरी न्यायचा. रात्री भांडलेली घरेही सकाळी मुकाट्याने दोर घेऊन येत. वाडवडिलांनी ही रीत मुद्दामच घातली असेल, कोण जाणे.

विहिरीची राखण इद्रीस नावाचा म्हातारा करी.

एकदा समुद्रापलीकडून एक गोरा साहेब फौज घेऊन आला. किनाऱ्यावरची शहरे त्याने जिंकली होती. डोंगरातले लोक तेवढे अजून लढत होते. इद्रीसचा मुलगाही त्यांच्यातच होता, आणि ते सगळे पाण्याला याच विहिरीवर येत. साहेबाने दुभाष्याकरवी विचारले, "ही विहीर कुणाची?"

इद्रीसने आल्यागेल्याला द्यायचे तेच उत्तर दिले. "अल्लाची."

साहेबाने वहीत लिहिले, मालक नाही. मालक नाही म्हणून विहीर सरकारची झाली. काठावर झेंडा लागला, पहारा बसला, आणि डोंगरातल्यांना पाणी बंद असा हुकूम सुटला. बाकीच्या सहा घरांनी दोर खांद्यावर टाकले आणि शेळ्या हाकत ती माळावर निघून गेली.

इद्रीस पार चक्रावला. बायकोला म्हणाला, "अगं, मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग खरं बोलून विहीर गेली कशी?"

"मला काय ठाऊक? घरातल्या फुटक्या मडक्यालाही माझं माझं म्हणता. विहिरीच्या वेळी बरा अल्ला आठवला."

इकडे शिपायांनी तंबूंचे दोर जोडून पोहरा सोडला. तो निम्म्यातच लोंबकळत राहिला. दोन दिवसांत बरोबरच्या पखाली आटल्या, घोडी माना टाकू लागली. मग साहेब स्वतः इद्रीसच्या दारी आला. म्हणाला, वस्तीला दोर घेऊन बोलाव, विहीर तुझ्या एकट्याच्या नावावर लिहून देतो, फक्त डोंगरातल्यांना पाणी द्यायचे नाही. आणि वही उघडून त्याने पुन्हा विचारले, "हे दोर कुणाचे?"

इद्रीसने मनाशी हिशोब केला. अल्लाचे म्हणावे तर दोरही वहीत जाणार. माझे म्हणावे तर ते खोटे. शिपायांना पाणी देऊ नये तर तहानलेल्याला परतवल्याचे पाप, आणि साहेबाच्या अटीवर द्यावे तर पोरगा तिकडे डोंगरात तहानेने मरणार. 

मग घोड्यांकडे बघत तो म्हणाला, "दोर ज्याचे त्याचे, साहेब. माझा सहा पुरुषांचा. तेवढ्यानं पाणी लागत नाही. मला मालक करून तुम्हाला काय मिळणार?" आणि पुढे म्हणाला, "तहानलेल्याला मी नाही म्हणत नाही. वस्तीला बोलावतो. पण मग जो तहानलेला येईल त्याला पाणी मिळेल, डोंगरातल्यालाही. झेंडा काढा आणि पाहुणे म्हणून बसा."

साहेबाने झेंड्याकडे पाहिले, घोड्यांकडे पाहिले, आणि झेंडा काढायला सांगितला.

इद्रीसने धूर केला. धूर पाहून सहाही घरे आली, गाठी बसल्या. पाहुणे म्हणून शिपाई आधी प्याले, आणि पखाली भरून किनाऱ्याकडे परतले. दुसऱ्या दिवशी डोंगरातले आले. तेही त्याच पोहऱ्याने प्याले.

साहेबाच्या वहीत ती विहीर अजून सरकारचीच आहे म्हणतात.

इद्रीसचा घोळ काही मिटला नाही. बायकोला म्हणाला, "दुश्मनाला पाजलं आणि पोरालाही पाजलं. हे पाप झालं की पुण्य?"

ती म्हणाली, "आधी गाठी सोडा. लोक आपापला दोर न्यायला खोळंबलेत."

तात्पर्य काय, तर सगळ्यांचे ते कुणाचेच नाही असे जो समजतो, त्याच्या हाती विहीर लागते, पाणी लागत नाही.