वहिनीच्या हातातला दोर

फार फार पूर्वी, पाणी म्हणजे विहीर एवढंच लोकांना ठाऊक होतं, तेव्हा एका खडकाळ माळावर एक लहानसं गाव होतं. गावात दगडी देऊळ होतं, देवळाच्या माथ्यावर लाकडी क्रूस होता. रविवारी घंटा वाजली की सारं गाव उपासनेला जमायचं.

त्या गावात सीलास आणि अमोस असे दोघे भाऊ राहत. दोघं विहिरी खणत. थोरला सीलास खाली उतरायचा आणि धाकटा अमोस वर दोर धरायचा. मूठभर माती बोटांत चोळली की पाणी किती खोल आहे ते दोघांनाही सांगता यायचं.

एका उन्हाळ्यात काम चालू असताना विहिरीची कड ढासळली. खालून सीलासनं हाक दिली, "ओढ." अमोसनं जिवाच्या आकांतानं दोर ओढला. पण मातीचा मोठा लोट आला, दोराला हिसका बसला आणि तो अमोसच्या तळहातांची सालटं काढत निसटून गेला. गाव धावून आलं. दिवस मावळेपर्यंत माती उपसली. सीलास सापडला, पण जिवंत नाही.

अमोसचे तळहात महिन्याभरात भरून आले. हातांना सुटलेला कंप मात्र थांबेना. त्याला सदऱ्याची गुंडी लावता येईना की भाकरीचा तुकडा मोडता येईना. वैद्यानं तेलं दिली, काढे दिले. शेवटी तो म्हणाला, "हातांत दोष नाही रे. दुखतंय ते दुसरीकडेच."

अमोसनं विहिरी सोडल्या, तसं देवळात जाणंही सोडलं. देवळात उपासना चालवणारे पाळक स्वतः बोलवायला आले, तेव्हा तो म्हणाला, "ज्या हातांतून भाऊ सुटला, ते हात देवापुढे जोडू कसे?" पाळकांनी त्याचा खांदा थोपटला. मग ते निघून गेले.

सीलासची बायको लुदिया दोन घरं सोडून राहायची. वर्षभरात ती अमोसच्या दाराशी फिरकली नव्हती. एके सकाळी मात्र ती आली आणि त्याच्या ओट्यावर बसली. तिला पाहताच अमोस उठून आत निघाला.

"बसा भावजी," लुदिया म्हणाली. "मला काही सांगायचंय. हे गेल्यापासून मी रोज प्रार्थनेला बसते. पहिले सहा महिने काय करत होते, ठाऊक आहे? प्रभूपुढे बसून तुम्हाला बोल लावत होते. तोंडाला येईल ते बोलायचे."

अमोसची मान खाली गेली. "त्यात तुमचं काय चुकलं, वहिनी?"

"ऐका तर. प्रभूनं मला एकदाही गप्प केलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग एके दिवशी बोलायला बसले, तर रागाचं बोलणंच संपलेलं. तुमचं नाव मात्र तोंडात आलं. म्हटलं, नाव आलंच आहे, तर आता भावजींसाठीच मागू या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले." ती पुढे सरकली. "हात द्या इकडे."

अमोसनं थरथरणारे हात पुढे केले. लुदियानं ते आपल्या हातांत घेतले, डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू येशू, हे हात तू धर. आमेन." बस, एवढीच प्रार्थना. मग ती उठली आणि कामाला निघून गेली.

ती रोज सकाळी येऊ लागली. हात थरथरतच होते. पण अमोसला झोप लागू लागली, अन्नाला चव येऊ लागली. महिना झाला असेल. एकदा लुदियाची प्रार्थना संपली आणि अमोस आपणहून बोलला, "प्रभू, मला माझ्या भावाला वाचवता आलं नाही. मी फार दमलोय." सीलास गेल्यावर तो रडला नव्हता. त्या सकाळी मात्र ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. पुढच्या रविवारी तो देवळात शेवटच्या बाकावर जाऊन बसला. हात कापत होते, तरी त्यानं ते जोडले.

आता ऐका पुढे काय झालं ते. त्या वर्षी गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. डोंगरापलीकडून तीन खणणारे आले आणि गावाबाहेर त्यांनी नवी विहीर खणायला घेतली. एका दुपारी तिकडून आरडाओरडा ऐकू आला. कड ढासळली होती. कोंडाजी नावाचा एक खणणारा खाली गाडला गेला होता. त्याचे दोघे सोबती काठावर थिजून उभे होते. त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको जमिनीवर बसून त्याला हाका मारत होती.

अमोस धावत आला आणि काठावर पालथा पडून खाली वाकला. "जिवंत आहे," तो म्हणाला. "छातीपर्यंत गाडला गेलाय. उजवीकडची माती अजून तग धरून आहे, तिकडून उतरता येईल. पण लवकर. खाली झरा फुटलाय."

गाव ज्या पाण्याची महिनोन्‌महिने वाट पाहत होतं, ते आलं होतं आणि एका माणसाच्या गळ्याकडे चढत होतं. उतरायला कुणी पुढे होईना.

अमोसनं दोर उचलला. कमरेला गाठ मारू लागला, पण बोटं ऐकेनात. गर्दीतून वाट काढत लुदिया आली आणि तिनं ती गाठ मारली.

"वहिनी, माझ्यासाठी प्रार्थना करा," अमोस म्हणाला.

"प्रार्थना तुम्ही करा, भावजी. दोर मी धरते."

जिचा नवरा दोर सुटल्यामुळे गेला होता, तीच बाई दोराचा वेढा कमरेला घेऊन पाय रोवून उभी राहिली. मग तिच्यामागे पाळक उभे राहिले, वैद्य उभा राहिला, एकेक करून दहा-बारा जणांनी दोराला हात घातला.

अमोस उतरू लागला. प्रत्येक पावलाला म्हणत होता, "प्रभू, धर. प्रभू, धर." मातीची ढेकळं खांद्यावर पडत होती. तळाशी पाय टेकला तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं. फावडं चालवायला जागा नव्हती. त्यानं हातांनीच चिखल उपसायला सुरुवात केली. आधी कोंडाजीचा एक हात मोकळा झाला, मग दुसरा, मग कंबर. एक पाय मात्र दगडाखाली अडकलेला. पाणी कोंडाजीच्या हनुवटीला टेकलं.

"दादा, तू जा वर," कोंडाजी कसाबसा म्हणाला. "माझ्या बायकोला सांग..."

"तूच सांग, वर जाऊन," अमोस म्हणाला. त्यानं श्वास भरून पाण्यात बुडी मारली, चाचपत दगड शोधला, त्याखाली कोंडाजीची पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. दगड हलला. कोंडाजीचा पाय सुटला.

अमोसनं आपल्या कमरेचा दोर सोडला आणि कोंडाजीच्या काखेखालून बांधला. "ओढा," त्यानं आवाज दिला. कोंडाजी वर गेला. अमोस एकटा, छातीभर पाण्यात, बिनदोराचा. माती गळत होती. दोर पुन्हा खाली आला, त्यानं तो झेलला, दोन हातांनी घट्ट धरला. तो अर्ध्यावर आला असेल, तोच उजवी कड धाडकन खाली गेली. वरच्या माणसांना हिसका बसला, ते फरपटत काठाकडे ओढले गेले. लुदियाच्या तळहातातून रक्त आलं. पण दोर सुटला नाही.

अमोस काठावर येऊन पडला. कोंडाजीची बायको नवऱ्याला बिलगली होती, सगळे एकदम बोलत होते, हसत होते, रडत होते. लुदिया अमोसजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "भावजी, हात बघा तुमचे."

अमोसनं पाहिलं. चिखलानं भरलेले, सोललेले दोन्ही हात अगदी स्थिर होते. कंप कधी थांबला ते त्याला कळलंही नव्हतं. तो तिथंच गुडघ्यांवर आला. त्याच्याबरोबर सारं गाव गुडघ्यांवर आलं आणि प्रभूची प्रार्थना म्हणू लागलं. कोंडाजी आणि त्याच्या बायकोला ती प्रार्थना येत नव्हती. त्यांनी आपल्या रीतीनं हात जोडले.

रविवारी देवळात पाळकांनी अमोसला साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं केलं. तो म्हणाला, "प्रभूनं मला त्या विहिरीत बरं केलं असं लोक म्हणतात. पण त्याच्या किती आधीपासून तो वहिनीच्या हातांनी माझे हात धरून बसला होता." एवढं बोलून तो खाली बसला.

अमोस आणि कोंडाजी पुढे जोडीनं विहिरी खणू लागले. सीलास गेल्याचा दिवस दरवर्षी जवळ आला की एखाद्या वेळी अमोसच्या बोटांना पुन्हा कंप सुटे. तेव्हा तो हात लपवत नसे. लुदियाच्या घरी जाई, आणि दोघं मिळून प्रार्थना करत.

तात्पर्य: मनातलं दुःख आणि राग जसाच्या तसा प्रभूपुढे मांडला, तर तो जखम भरून काढतो आणि त्याच मनाला दुसऱ्याचा जीव वाचवण्याचं बळ देतो.